अपुरी सही

३ मार्च, मंगळवार

आज कामावर रुजू झालो. एकोणीस दिवसांनी. ड्यूटी सात ते तीन. सकाळी बल्बची दोन खोकी आली, एकात तीन फुटके निघाले. स्टोअरच्या खिडकीतून अकरा चिठ्ठ्यांचं सामान दिलं, चार चिठ्ठ्या परत केल्या. पंखा कुरकुरतो, तेल घालायला सांगितलं. डबा खाल्ला नाही.

ही डायरी टायरच्या कंपनीची आहे. दरवर्षी त्यांच्याकडून दोन येतात. एक मी दादाला देत असे. तो तिच्यात काही लिहीत नसे, आणि माझीही कोरीच राहायची. यंदा दोन्ही माझ्याकडे आहेत. घरात वहिनी आणि पुतणी आहेत, पण त्यांच्याशी हे बोलवत नाही. डेपोत तर कुणाशीच नाही. म्हणून लिहितो.

झालं ते एकदा सरळ लिहून ठेवतो. आमच्या बस डेपोत दादा मेकॅनिक होता, मी स्टोअरकीपर आहे. १२ फेब्रुवारीला दुपारी तो मागच्या आवारातून पायी येत होता. एक्केचाळीस नंबरची बस मागे येत होती. बस मागे घेताना भोंगा वाजतो, तो बंद होता. गाडीमागे शिट्टी घेऊन उभा राहणारा माणूसही नव्हता. ती जागा दोन वर्षांपूर्वी रद्द झाली. शेजारी दुसऱ्या गाडीचं इंजिन तपासत होते, त्या आवाजात दादाला काही ऐकू आलं नाही.

डेपो मॅनेजरसाहेबांनी वर जो अहवाल पाठवला, त्यात 'मृताची बेपर्वाई व ड्रायव्हरचा निष्काळजीपणा' असं कारण दिलं आहे. एवढं लिहिलं की डेपोला स्वतःचं काहीच बदलावं लागत नाही. ३१ तारखेला चौकशी समितीपुढे सुनावणी आहे. वहिनींच्या मागण्या दोनच आहेत. बेपर्वाई हा शब्द काढा, आणि मागच्या आवारात पुन्हा शिट्टीवाला उभा करा, नाहीतर उद्या दुसरं कुणी जाईल. साहेब म्हणतात, माणूस कुठून आणू?

परतीच्या चिठ्ठ्यांचं नवं रजिस्टर सुरू केलं. फेब्रुवारीचं कपाटात ठेवलं. ते अजून तपासून बंद केलेलं नाही. सवडीने करीन.

५ मार्च, गुरुवार

वहिनी चष्मा घरी विसरल्या होत्या. ड्यूटी सुटल्यावर नेऊन दिला. त्या शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटर आहेत. वीसेक फुटांचं टेबल, त्यावर कापडाचे चाळीस थर एकावर एक, आणि उभ्या पात्याचं विजेवर चालणारं यंत्र. एक चूक झाली की ती चाळीस वेळा होते.

तिथली एक पद्धत आज पाहिली. यंत्र सुरू करण्याआधी कटर कापडावर तळहात टेकवते आणि हात कसा आहे ते मोठ्याने सांगते. 'ठीक' म्हटलं की कापायचं. दुसरं काही असलं तर यंत्र जोडीदारणीला द्यायचं आणि आपण खडूने खुणा करायच्या. कारण कुणी विचारलंच पाहिजे असं नाही.

वहिनींनी हात टेकवला. बराच वेळ तसाच ठेवला. मग म्हणाल्या, "आज हात रागात आहे."

त्यांची जोडीदारीण वयाने मोठी आहे, सगळे तिला आजीबाई म्हणतात. ती म्हणाली, "कुणावर गं?"

"सगळ्या जगावर."

"मग जग ठेव बाजूला आणि खडू घे. पोरांच्या चड्ड्या आहेत त्या. एक पाय आखूड झाला तर अख्खा वर्ग लंगडत प्रार्थनेला उभा राहील."

सगळ्या हसल्या. वहिनीही हसल्या. मी दादा गेल्यापासून त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मला कसंसंच झालं. तासाभराने त्यांनी पुन्हा हात टेकवला, "ठीक" म्हणाल्या आणि यंत्र घेतलं. बाहीच्या वळणावरून पातं असं फिरवलं की चाळीस थरांत सुताचाही फरक नाही.

येताना विचारलं, "वहिनी, सगळ्यांसमोर असं सांगायला लाज नाही वाटत?"

"न सांगता कापलं असतं तर वाटली असती," म्हणाल्या.

मला हे कधी जमणार नाही. पण त्या बाईचं कौतुक वाटलं, ते इथे लिहून ठेवतो.

८ मार्च, रविवार

सकाळी एक्केचाळीसवाला घरी आला. डेपोत ड्रायव्हरला गाडीच्या नंबराने ओळखतात. तिशीतला आहे. दारात मान खाली घालून उभा. मी चपला घातल्या आणि त्याच्या अंगावरून बाहेर पडलो. बाजाराच्या टोकापर्यंत गेलो आणि तिथून परत फिरलो, तरी तो गेलेला नव्हता. मग आणखी एक फेरी.

आलो तर पुतणी म्हणाली, "काका, तुम्ही तर वादळासारखे गेलात. तो बिचारा पाणी प्यायला तर दात ग्लासावर वाजत होते."

"बिचारा?"

"बरं बाई, बिचारा नाही. दातवाला." तिलाही नंतर आईने खोलीबाहेर पाठवलं होतं, त्यामुळे पुढचं तिला माहीत नाही.

वहिनी दिवसभर गप्प होत्या. जेवताना मात्र एकदम विचारलं, "भाऊजी, तुमच्याकडून चिठ्ठी परत जाते म्हणजे नेमकं काय होतं?"

बावीस वर्षांत घरात माझ्या कामाबद्दल कुणी विचारलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. कुठल्याही सामानाला दोन सह्या लागतात, मेकॅनिकची आणि फोरमनची. एक कमी असली की लाल पेन्सिलीची फुली मारायची, चिठ्ठी ड्रायव्हरच्या हातात परत द्यायची आणि रजिस्टरला नोंद करायची. डेपोत मला लालपेन्सिल म्हणतात ते यामुळेच. माझ्या खिडकीतून अपुऱ्या सहीवर एक स्क्रूसुद्धा गेलेला नाही. दादाची चिठ्ठी असली तरी नाही. तो घरी येऊन म्हणायचा, "याच्या खिडकीत यमराज आला तरी हा त्याला फोरमनची सही आणायला पाठवेल."

हे सांगताना मी हसलो. वहिनी हसल्या नाहीत. "भात घ्या आणखी," म्हणाल्या.

१० मार्च, मंगळवार

आज माझ्याकडून फार वाईट झालं.

कँटीनमध्ये एक्केचाळीसवाला चहा घेत होता. त्याला आता गाडी देत नाहीत, आवारात झाडलोट आणि हवा भरण्याचं काम देतात. तो कुणाकडे तरी बघून जरासा हसला. निदान मला तसं वाटलं. मी उठलो आणि ओरडलो. काय ओरडलो ते सगळं आठवत नाही. खुनी म्हणालो एवढं आठवतं. ग्लास फेकला. तो त्याच्या कानाजवळून भिंतीवर गेला. तो उठलाही नाही. काचा गोळा करायला खाली वाकला, तेव्हा मला आणखी चीड आली.

साहेबांनी दुपारी बोलावलं. आवाज मऊ होता. म्हणाले, "तुमचं दुःख मी समजू शकतो. पण मग असं करू. नातेवाइकांची मनःस्थिती बरी नाही, तेव्हा त्यांचं म्हणणं लेखी घ्यावं, असं मी समितीला कळवतो. तुम्हालाही त्रास नको."

म्हणजे आम्हाला सुनावणीत बोलायलाच मिळणार नाही. कागद फायलीत जाईल. मी डोकं गमावलं आणि साहेबांचं काम सोपं झालं.

घरी सांगितलं. वहिनी रागावल्या नाहीत.

"ओरडून बरं वाटलं?"

"वाटलं."

"किती वेळ?"

मी विचार केला. खरं उत्तर दिलं, "कँटीनच्या पायरीपर्यंत."

"फारच जवळ आहे हो," म्हणाल्या.

१२ मार्च, गुरुवार

वहिनी आज अर्धा दिवस सुट्टी घेऊन साहेबांना भेटल्या. मी खिडकीतून पाहिलं, आत जाताना दाराच्या चौकटीवर त्यांनी क्षणभर हात टेकवला. वीस मिनिटांत बाहेर आल्या. समितीपुढे दोघांना मिळून दहा मिनिटं मिळाली आहेत.

"काय बोललात?"

"काही नाही. म्हटलं, माझी मनःस्थिती बरी आहे का ते तुम्हीच बघा. आणि बसून राहिले. तेही बसले. मग त्यांनी लिहून दिलं."

मी बावीस वर्षं साहेबलोक पाहतो आहे. त्यांच्यापुढे वीस मिनिटं गप्प बसून काम करून घेणारं माणूस पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी चहानंतर वहिनी म्हणाल्या, "मला एकटीला भीती वाटते. ऐन वेळी घसा बंद व्हायचा. रोज थोडा सराव करू या का? तुम्हीही करा माझ्याबरोबर, म्हणजे मला धीर येईल."

त्यांच्यासाठी म्हणून हो म्हटलं. पद्धत तीच, कारखान्यातली. टेबलावर तळहात टेकवायचा. हात कसा आहे ते सांगायचं. मग सगळ्यात अवघड वाक्य म्हणायचं, आणि ते रुतेनासं होईपर्यंत पुनःपुन्हा म्हणत राहायचं. वहिनींचं वाक्य, 'त्या दिवशी ते डबा विसरून गेले होते.' माझं, 'माझा दादा मेला.' त्यांनी अकरा वेळा म्हटलं. मला एकदाही म्हणता आलं नाही. उठून गच्चीवर गेलो.

१७ मार्च, मंगळवार

पाच दिवस सराव चालू आहे. आता मी वाक्य म्हणू शकतो. सुरुवातीला वाटायचं, असं पुनःपुन्हा म्हटलं तर दुःख स्वस्त होईल. तसं झालं नाही. दुःख तेवढंच आहे, फक्त त्यातून बोलता येतं.

सरावात पुतणी साहेब बनते. आईचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवते, पोट पुढे काढते आणि आम्हाला हवं ते बोलते. पहिल्या दिवशी मी चिडलो, आता तिला मजा येते आणि मलाही थोडी. आज म्हणाली, "हं, लालपेन्सिल! तुमचा भाऊ आवारात फुलं वेचत फिरत होता का हो?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी हात टेबलावरच ठेवला. म्हणालो, "हात रागात आहे. उत्तर देतो. तो वर्कशॉपमधून स्टोअरकडे येत होता. तोच रस्ता आहे."

"अरे वा," पुतणी म्हणाली, मग साहेब असल्याचं आठवून, "बरं बरं. आणि गाडीचा भोंगा का बंद होता?"

"त्या नालायकाने दुरुस्त करून घेतला नाही म्हणून!"

वहिनी म्हणाल्या, "नालायक काढून सांगा."

"ड्रायव्हरने दुरुस्त करून घेतला नाही."

"त्याने काय केलं आणि काय नाही, हे तुम्हाला माहीत आहे?"

"नाही."

"मग तेवढंच म्हणा."

"भोंगा बंद होता. का, ते मला माहीत नाही."

वाक्य साधं आहे. पण ते म्हणताना हात गार पडला. वहिनींनी विचारलं कसा आहे, तर 'ठीक' म्हणालो. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, कप उचलून आत गेल्या.

स्वतःवर एवढी वेळ आली असताना त्या माझा सराव जास्त घेतात. मोठ्या मनाच्या आहेत.

२० मार्च, शुक्रवार

एक्केचाळीसवाला खिडकीवर आला. हवा भरायच्या नळीचा जोड हवा होता. दोन्ही सह्या होत्या. दुसरं कुणी नव्हतं. मी काउंटरवर हात टेकवला आणि विचारलं, "भोंग्याची चिठ्ठी दिली होतीस कधी?"

तो म्हणाला, "नाही."

"नक्की?"

"नाही दिली. माझीच चूक." हे त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं. जोड घेतला आणि गेला. पावतीवर सही करायची विसरला, मी हाक मारली नाही.

मग मला बरं वाटायला हवं होतं. त्याने कबूल केलं. दुपारभर बल्ब मोजत बसलो. तीनदा मोजले, तीनदा वेगळे आले.

२३ मार्च, सोमवार

ड्यूटी सात ते तीन. नऊ चिठ्ठ्यांचं सामान दिलं. कपाट उघडून फेब्रुवारीचं परतीचं रजिस्टर काढलं.

६ फेब्रुवारी, तिसरी ओळ. गाडी ४१. मागचा भोंगा, नग एक. परत. फोरमनची सही नाही.

पुढे लाल फुली. मेकॅनिकच्या रकान्यात दादाचं नाव. अक्षर माझं.

फोरमन त्या दिवसापासून आठवडाभर रजेवर होता, हे मला माहीत होतं. नवे भोंगे माझ्या मागच्या फळीवर सहा पडलेले होते. आजही सहा आहेत.

रजिस्टर मिटलं. टेबलावर हात ठेवला. कसा होता ते सांगायला तिथे कुणी नव्हतं. मग दहावी चिठ्ठी आली, ती दिली.

२४ मार्च, मंगळवार

सरावाला बसलो नाही. डोकं दुखतं म्हणालो.

हे रजिस्टर कुणी मागत नाही. साहेबांना ते असल्याचंही लक्षात नसेल. पान फाडायला एक क्षण लागेल, रजिस्टर हरवलं म्हणायला त्याहून कमी. हा विचार मी आज दिवसभर करत होतो. खोटं कशाला लिहू.

मी खुनी कुणाला म्हणालो होतो तेही आठवत होतो.

२६ मार्च, गुरुवार

तीन वाजता मागच्या आवारात गेलो. तिकडे गेलो नव्हतो आतापर्यंत. एक्केचाळीसवाला टायरला हवा भरत होता. मी जाऊन उभा राहिलो, तसा तो दोन पावलं मागे सरकला. ग्लासाची आठवण असावी.

"चिठ्ठी दिली होतीस," म्हणालो.

तो पुन्हा टायरकडे वळला.

"खोटं का बोललास?"

त्याने नळी खाली ठेवली. हात पँटला पुसले. "तुमचा भाऊ गेला होता. त्यावर आणखी हे कशाला?"

"नोकरी जाईल तुझी."

"ट्रक आहेत की. ट्रकच्या मागे तसंही कुणी नसतं." मग म्हणाला, "आणि चिठ्ठी परत गेली तरी गाडी मीच काढली ना. भोंगा नाही हे मला माहीत होतं. खाली उतरून मागे बघायला हवं होतं. चार पावलं होती. मी रोज मोजतो."

ज्याला मी दीड महिना शिव्या घातल्या, त्याने त्या चिठ्ठीबद्दल अवाक्षर न काढता माझा ग्लास सोसला होता. मला त्याच्याएवढं होता येणार नाही. पण निदान त्याच्या आड लपायचं तरी नाही.

"कुणाला सांगितलंस का हे?"

"नाही. म्हणजे फक्त त्या..." असं म्हणून तो थांबला आणि नळी उचलून पुढच्या चाकाकडे गेला. मी खोदून विचारलं नाही.

घरी वहिनींना सांगायचं होतं. जमलं नाही. सरावाला मात्र बसलो. त्यांनी विचारलं, "हात?" मी म्हणालो, "घाबरलेला आहे." त्या म्हणाल्या, "मग घाबरलेलाच असू दे. वाक्य म्हणा." मी दादाचंच वाक्य म्हटलं. नवं वाक्य मनात म्हटलं, तेवीस वेळा.

३० मार्च, सोमवार

चार दिवस दुपारच्या सुट्टीत रजिस्टर वाचलं. फेब्रुवारीचं संपूर्ण. कागदावर उतरवून काढलं. आज हात बराचसा ठीक.

३१ मार्च, मंगळवार

सुनावणी झाली. सविस्तर लिहितो.

समितीत तिघं होते, अध्यक्ष एक वयस्क बाई. लांब टेबल, पाण्याचे पेले, एसीचा गारठा. साहेबांनी अहवाल वाचला. एक्केचाळीसवाल्याला विचारलं. तो उभा राहून म्हणाला, "भोंगा बंद आहे हे माहीत असून गाडी काढली. माझी चूक." एवढंच. तोही घाबरलेला होता, पण आवाज हलला नाही.

मग वहिनी. आठ मिनिटांचं बोलणं त्यांनी तयार केलं होतं. मी ते इतकं ऐकलं आहे की मला पाठ आहे. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "माझे पती बेपर्वा नव्हते. बाकीचं माझे दीर सांगतील." आणि बसल्या. ऐन वेळी सगळं विसरल्या असाव्यात. इतका सराव करूनही. मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटलं, पण त्यामुळे माझ्याकडे नऊ मिनिटं आली.

टेबलावर हात टेकवला. मोठ्याने म्हणालो, "माझा हात थरथरतो आहे. पण मी सांगू शकतो." साहेबांनी घड्याळात पाहिलं. अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं.

मी म्हणालो, "६ फेब्रुवारीला एक्केचाळीस नंबरच्या भोंग्याची चिठ्ठी माझ्या खिडकीवर आली होती. फोरमनची सही नव्हती म्हणून मी ती परत केली. फोरमन रजेवर आहे हे मला माहीत होतं. माझ्यामागे फळीवर सहा भोंगे होते."

कुणीतरी पेला सरकवला.

मग कागद वाचला. फेब्रुवारी महिन्यात ब्रेक, भोंगा आणि मागचे दिवे यांच्या सतरा चिठ्ठ्या मी अशाच परत केल्या. सतराही गाड्या दुसऱ्या दिवशी रस्त्यावर होत्या.

साहेब म्हणाले, "सामानाची चोरी होऊ नये म्हणून तो नियम आहे."

अध्यक्षबाईंनी मला विचारलं, "चिठ्ठी परत गेली की गाडी थांबवायची, असा नियम आहे का?"

"नाही."

"मग परत गेल्याचं कळतं कुणाला?"

"मला. आणि ड्रायव्हरला."

"त्या चिठ्ठीवर मेकॅनिकची सही होती?"

"होती."

"कुणाची?"

हे उत्तर सरावात नव्हतं. मी पुन्हा हात टेकवला. कुणी घाई केली नाही. "माझ्या दादाची," म्हणालो. "भोंगा बदला, असं त्यानेच लिहून दिलं होतं."

मागून खुर्ची सरकली. एक्केचाळीसवाल्याने लायसनच्या पाकिटातून घडी केलेली चिठ्ठी काढली आणि टेबलावर ठेवली. लाल फुली घडीत थोडी पुसली होती. दादाची सही स्वच्छ होती. अध्यक्षबाईंनी चिठ्ठी वाचली, मग अहवाल उचलला आणि बेपर्वाई या शब्दाखाली रेघ ओढली.

बाहेर आल्यावर म्हणालो, "वहिनी, तुम्हाला आधी सांगायला हवं होतं."

"सांगितलंत ना."

"आज. सगळ्यांसमोर."

"मग काय झालं. एकदाच सांगावं लागलं."

एवढं मोठं ऐकूनही त्यांचा चेहरा हलला नव्हता. ही बाई कशाची बनली आहे कळत नाही. बसमध्ये मात्र खिडकीची जागा मागून घेतली आणि उतरेपर्यंत बाहेर बघत राहिल्या. त्यांचा पदर ओला झाला. मी दुसरीकडे पाहिलं. त्या भाषण विसरल्या हे मी बोलून दाखवलं नाही, कधीही दाखवणार नाही.

९ एप्रिल, गुरुवार

आदेश आला. बेपर्वाई शब्द काढला आहे. ब्रेक, भोंगा, दिवे यांचं सामान यापुढे मेकॅनिकच्या एका सहीवर द्यायचं, आणि ते मिळेपर्यंत गाडी फाटकाबाहेर सोडायची नाही. मागच्या आवारात शिट्टीवाला नेमायचा. एक्केचाळीसवाल्याला पंधरा दिवस निलंबन, नंतर कामावर. माझ्याकडून स्टोअर काढून घेतलं आहे.

साहेब म्हणाले, "शिट्टीवाल्याची भरती व्हायला सहा महिने लागतील." मी म्हणालो, "तोवर मला उभं करा." त्यांना वाटलं मी टोमणा मारतो आहे. नाही, म्हणालो, खरंच.

घरी पुतणी म्हणाली, "काका, आता लालपेन्सिल जाऊन लालशिट्टी झालात." वहिनी म्हणाल्या, "पहिल्या दिवशी जमलं नाही तर तसं सांगा बरं का. सांगून बाजूला व्हा."

१३ एप्रिल, सोमवार

पहिला दिवस. सकाळी दहाच्या सुमाराला हात ठीक नव्हता. फोरमनला सांगितलं. तो आधी बघतच राहिला, मग पाऊण तास स्वतः उभा राहिला. मग मी पुन्हा येऊन एकतीस गाड्या मागे घेतल्या.

बावीस वर्षं बसून काम केलं. पायांचं काही खरं नाही.

२७ एप्रिल, सोमवार

एक्केचाळीसवाला आज कामावर आला. सव्वा दोनला गाडी धुऊन मागच्या आवारात आणली. मागे घ्यायच्या जागी थांबला. भोंगा नवा आहे, चांगला खणखणीत वाजतो. तरी गाडी हलेना. मी आरशात पाहिलं, त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर सपाट ठेवलेले होते.

मी पुढे त्याच्या खिडकीपाशी गेलो. "काय म्हणतो हात?"

"अजिबात ठीक नाही, भाऊ."

"माझाही नाही. थांबू या जरा."

थांबलो. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला, मी त्याला हाताने दम धर म्हटलं. दोनेक मिनिटं गेली असतील. मग तो म्हणाला, "घेऊ?"

मी मागे जाऊन उभा राहिलो, त्याला आरशात दिसेन असा. जागा तीच होती. शिट्टी वाजवली. तो मला विचारल्यासारखा एक एक हात मागे येत गेला. चाक कडेच्या दगडाला टेकलं तेव्हा लांब शिट्टी दिली. तो खाली उतरला, मागे येऊन जागा पाहिली, चार पावलं चालला. मग दोघं आपापल्या कामाला लागलो.

आज चाळीस गाड्या झाल्या. घरी आलो तर कुणी नव्हतं. वहिनींचा कारखाना उशिरापर्यंत आहे, पुतणी मैत्रिणीकडे. बादलीत गरम पाणी घेतलं, मूठभर मीठ टाकलं आणि पाय बुडवून बसलो. पाणी गार होईपर्यंत बसलो. मग पाय पुसले आणि पाणी कुंड्यांना न घालता मोरीत ओतलं, मीठ होतं म्हणून.